मोबाइलवरून व्हीएम सारखं हँग होतंय? स्टॉप दाबण्याआधी एवढं तपासा

लक्षण जवळपास सगळ्यांचं सारखंच असतं. ऑफिसातल्या सर्व्हरवर दोन-चार व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे एकाच सर्व्हरच्या आत चालणारे वेगवेगळे कॉम्प्युटर) चालू आहेत, आपण बाहेर आहोत आणि मोबाइलवर एसएसएच (दूरच्या मशीनवर कमांड चालवायचं साधन) किंवा कन्सोल (व्हीएमची स्क्रीन ब्राउझरमध्ये दाखवणारी खिडकी) उघडून काम चाललंय. मधेच कुणाचा तरी फोन येतो, किंवा घरात शिरताच मोबाइल वाय-फाय पकडतो. परत येऊन बघावं तर स्क्रीन गोठलेली. काही टाइप केलं तरी उमटत नाही. मग ॲप बंद करून पुन्हा उघडा, पुन्हा लॉगिन करा, आणि तरीही जमलं नाही की बोट सरळ स्टॉप बटणावर जातं. व्हीएम रीस्टार्ट होतं, काम चालू होतं, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच.

यातलं शेवटचं पाऊल सगळ्यात घातक आहे. स्टॉप म्हणजे चालू मशीनची वायर खेचणं. आत विंडोजवर टॅली उघडी असेल, मायएसक्यूएलमध्ये नोंदी चालू असतील, तर तो डेटा अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत राहू शकतो. आणि माझं ठाम मत असं आहे की मोबाइलवरून जे व्हीएम हँग झाल्यासारखं दिसतं, ते बहुतेक वेळा आत ठणठणीत असतं. मेलेली असते ती मधली जोडणी. म्हणून आधी मेलंय कोण ते ठरवायचं आणि मगच बटणाला हात लावायचा.

खाली उदाहरण प्रॉक्समॉक्स या हायपरव्हायझरचं, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं घेतो, कारण छोट्या ऑफिसांत आणि घरच्या सर्व्हरवर ते सर्रास असतं. नुसतं केव्हीएम वापरत असाल किंवा आणखी कुठलं हायपरव्हायझर, तरी जोडणीचा भाग तसाच्या तसा लागू पडेल.

आधी ठरवा, मेलंय कोण

मोबाइलच्या ब्राउझरमध्ये नवीन टॅब उघडा आणि सर्व्हरच्या पत्त्यावर ८००६ पोर्टला जा. पान उघडून लॉगिन झालं, तर मोबाइलपासून होस्टपर्यंतचा (व्हीएम ज्यावर चालतात त्या सर्व्हरपर्यंतचा) रस्ता चालू आहे. मग त्या व्हीएमच्या समरीत जा. अपटाइम वाढतोय का? सीपीयूचा आलेख हलतोय का? अपटाइम पुढे सरकतोय आणि नेटवर्कच्या आलेखात थोडी जरी हालचाल आहे, तर व्हीएम जिवंत आहे आणि आतली बाकीची माणसं कदाचित त्यावर काम करतायत.

कन्सोल उघडल्यावर नुसती काळी स्क्रीन दिसली म्हणून घाबरू नका. विंडोजने डिस्प्ले झोपवलेला असतो किंवा लिनक्सने पडदा काळा केलेला असतो. एखादी साधी की दाबा आणि दोन-तीन सेकंद थांबा. व्हीएमला ग्राफिक्स कार्ड थेट जोडलं असेल आणि डिस्प्ले ‘नन’ ठेवला असेल, तर या कन्सोलवर काही दिसणारच नाही. तो बिघाड नव्हे.

पानच उघडत नसेल, तर मोबाइलवरचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारा खासगी रस्ता), ऑफिसचं नेट, ऑफिसची लाइट आणि स्वतः होस्ट, या चारांपैकी एक. हे चार वेगळे ओळखायचा सोपा उपाय म्हणजे त्याच नेटवर्कवर दुसरं एखादं छोटं उपकरण कायम व्हीपीएनला जोडलेलं ठेवणं. जुना रास्पबेरी पाय पुरतो. त्याला पिंग (‘चालू आहेस का’ असं विचारणारं छोटं पाकीट) जातंय आणि होस्टला जात नाही, तर होस्टकडे बघा. दोघंही गप्प असतील, तर ऑफिसात फोन करून एवढंच विचारा: “दादा, राउटरवरचे दिवे लागलेत का?”

जोडणी मरते कशी

एसएसएच आणि वेब कन्सोल ज्यावर चालतात ती टीसीपीची जोडणी चार गोष्टींवर ओळखली जाते: दोन्ही बाजूंचे आयपी पत्ते आणि दोन्ही बाजूंचे पोर्ट. मोबाइल वाय-फायवरून ४जीवर गेला की त्याचा पत्ता बदलतो. जुन्या पत्त्यावरची जोडणी तिथेच संपते. पण सर्व्हरला हे कुणी सांगत नाही. त्याच्या लेखी तुम्ही अजून जोडलेलेच आहात. लिनक्समध्ये गप्प पडलेल्या टीसीपी जोडणीची विचारपूस व्हायला मूळ सेटिंगनुसार ७२०० सेकंद, म्हणजे दोन तास लागतात. तोवर तुमचं जुनं सत्र तिथे तसंच लटकलेलं राहतं.

दुसरं कारण मोबाइल कंपनीच्या बाजूला असतं. मोबाइल नेटवर शेकडो ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलेले असतात. त्याला कॅरिअर ग्रेड नॅट म्हणतात. कुणाची जोडणी कुठे जाते याची नोंद त्यांच्या यंत्रणेत असते, आणि काही वेळ डेटा गेला-आला नाही की ती नोंद पुसली जाते. तुम्ही पाच-दहा मिनिटं व्हॉट्सॲपवर रमलात की इकडे दार बंद झालेलं असतं.

ऑफिसच्या ब्रॉडबँडलाही हेच आहे का, ते एकदा बघून ठेवा. राउटरच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला दिसला, तर तुम्हीही नॅटच्या मागे आहात. हा टप्पा २०१२ साली याच कामासाठी राखून ठेवलाय. अशा जोडणीवर पोर्ट फॉरवर्ड कितीही वेळा केलं तरी बाहेरून काही येणार नाही.

दोन सिमच्या फोनवर आणखी एक भानगड असते. डेटा पहिल्या सिमवर आणि फोन दुसऱ्या सिमवर आला, तर बऱ्याच फोनमध्ये बोलणं संपेपर्यंत डेटा थांबतो. सेटिंगमध्ये कॉल चालू असताना दुसऱ्या सिमचा डेटा वापरू देणारा पर्याय असेल, तर तो चालू करा. “फोन आला की दर वेळी तुटतं” या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथे सापडतं.

उपाय: मधे व्हीपीएन, आत टीमक्स

बरेच जण आधी एसएसएचच्या कीपअलाइव्हकडे, म्हणजे जोडणी जागी ठेवायला ठरावीक वेळाने जाणाऱ्या छोट्या संदेशांकडे वळतात. सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल ३० सेकंद ठेवायला हरकत नाही, त्याने नॅटमधली नोंद ताजी राहते. पण पत्ता बदलल्यावर कीपअलाइव्ह काहीच करू शकत नाही. आणि ॲप मागे गेल्यावर ॲंड्रॉइडने किंवा आयओएसने ते झोपवलं, की हे कीपअलाइव्हही जायचे थांबतात. एकट्या त्यावर विसंबू नका.

खरा फरक वायरगार्ड किंवा टेलस्केल या व्हीपीएनने पडतो. टेलस्केल आतून वायरगार्डच वापरतं. फोनला व्हीपीएनमध्ये एक कायमचा आतला पत्ता मिळतो. बाहेर वाय-फाय असो की ४जी, आतला पत्ता तोच राहतो. बाहेरचा पत्ता बदलला की वायरगार्ड पुढच्या पाकिटापासून नवा रस्ता धरतं, आणि आत चाललेल्या एसएसएचला त्याची खबरही लागत नाही. क्षणभर अडखळून काम पुढे चालू राहतं. नॅटमागच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा. वायरगार्डच्या माहितीपत्रकातही हाच आकडा सुचवलाय.

ऑफिसला सार्वजनिक पत्ता नसेल, तर वायरगार्डसाठी मधे एक छोटा भाड्याचा सर्व्हर लागेल. तो नको असेल तर टेलस्केल किंवा झीरोटिअर घ्या. पण कंटाळून ८००६ किंवा रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट इंटरनेटवर उघडं टाकू नका. उघड्या ३३८९ वर पासवर्ड फोडायचे प्रयत्न बघता बघता सुरू होतात आणि रॅन्समवेअरची कितीतरी प्रकरणं याच दारातून आत आलेली आहेत. हिशेबाची वर्षानुवर्षांची वही असलेल्या ऑफिसात हा धोका कुणीही पत्करू नये.

आता उरतो तो ॲपच मारलं जाण्याचा प्रश्न. त्यावर टीमक्स, म्हणजे जोडणी तुटली तरी सर्व्हरवर सत्र चालू ठेवणारं साधन. व्हीएममध्ये लॉगिन केल्यावर पहिली कमांड टीमक्सची, मग बाकी सगळं त्याच्या आत. जोडणी तुटली तरी आतलं काम सर्व्हरवर चालूच राहतं. परत आलात की ‘टीमक्स अटॅच’ केलं, की जिथे होतात तिथेच. डेबियन किंवा उबुंटूवर ॲप्टने अपग्रेड चालू असताना साध्या एसएसएचची जोडणी गेली, तर शेल बंद होताना चालू कामालाही हँगअपचा इशारा मिळतो आणि पॅकेजं अर्धवट राहू शकतात. पुढच्या वेळी ‘डीपीकेजी मधेच थांबलं होतं’ असा संदेश येतो आणि डीपीकेजीला ‘कॉन्फिगर’ आणि ‘ए’ हे पर्याय देऊन ते हाताने पूर्ण करावं लागतं. टीमक्समध्ये ही वेळ येत नाही. खुद्द प्रॉक्समॉक्स होस्टचं मोठं अपग्रेड करतानाही हेच पाळा. वेब पानातल्या शेलमधून ते करू नका, कारण अपग्रेडदरम्यान त्या पानाची सेवाच रीस्टार्ट होते आणि शेल तुटतं.

टर्मक्स या मोबाइलवरच्या टर्मिनल ॲपमध्ये आवाज कमी करायचं बटण कंट्रोलचं काम करतं, त्यामुळे टीमक्सच्या प्रत्येक आदेशाआधी लागणारं कंट्रोल-बी छोट्या कीबोर्डवरही जमतं. एस्केप, टॅब आणि बाणांची वेगळी रांग असते, तीही कामाची.

रेंज येते-जाते अशा ठिकाणी, घाटात किंवा रेल्वेत, मोश वापरून बघा. एमआयटीत तयार झालेलं आणि २०१२ पासून उपलब्ध असलेलं हे साधन यूडीपीवर चालतं आणि पत्ता बदलला तरी टिकतं. टाइप केलेलं अक्षर सर्व्हरच्या उत्तराची वाट न बघता दिसतं. त्यासाठी व्हीएममध्ये मोश सर्व्हर टाकावा लागतो आणि ६०००० ते ६१००० मधले यूडीपी पोर्ट व्हीपीएनच्या आत खुले लागतात. मागचं स्क्रोल करून बघता येत नाही, म्हणून त्याच्याही आत टीमक्स हवंच.

पिंग जातंय, पण काहीच उघडत नाही

हा प्रकार सगळ्यात जास्त वेळ खातो. पिंग व्यवस्थित, एसएसएच सुरू होतं आणि की देवाणघेवाणीपाशी थांबतं. किंवा वेबचं पान अर्धं येतं आणि कन्सोल फिरतच राहतं. छोटी पाकिटं जातायत आणि मोठी वाटेत गडप होतायत, असा याचा अर्थ. वायरगार्डचा एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार, बाइटमध्ये) साधारणपणे १४२० असतो. पण ब्रॉडबँडला पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने जोडायची पद्धत) असेल आणि मोबाइल नेटवर आयपीव्ही६ मधून आयपीव्ही४ नेण्याची सोय चालू असेल, तर तेवढी जागा उरत नाही.

तपासायला टर्मक्समधून पिंग करताना पाकिटाचे तुकडे करू नको असं सांगा आणि आकार १२५२ द्या. २८ बाइटचे हेडर धरून ते १२८० होतं. हे जातंय आणि १३९२ चं जात नाही, तर चोर सापडला. वायरगार्डच्या दोन्ही टोकांना एमटीयू १२८० करा. टेलस्केल मुळातच १२८० वापरतं, म्हणून त्यावर ही तक्रार कमी दिसते.

४जीवर चालतं, घरच्या वाय-फायवर मात्र नाही, हाही नेहमीचा प्रश्न आहे. ऑफिसचं नेटवर्क १९२.१६८.१ आणि घरचं राउटरही १९२.१६८.१. एकाच क्रमांकाची दोन घरं झाली की पाकीट कुठल्या रस्त्याने जाईल हे फोन आणि ॲपनुसार बदलतं. एका रविवारी बसून ऑफिसचे पत्ते बदला, दहाने सुरू होणारा एखादा आडवळणाचा टप्पा घ्या. प्रिंटर आणि कॅमेऱ्यांचे पत्तेही बदलावे लागतील. त्रास आहे, पण एकदाच.

फोनच्या बाजूची सेटिंग

व्हीपीएन आपोआप बंद पडत असेल, तर ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. ॲंड्रॉइडमध्ये २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून डोझ (फोन पडून असताना ॲप झोपवणारी सोय) आहे, त्यावर काही कंपन्यांच्या फोनमध्ये त्यांचं वेगळं बॅटरी मॅनेजर आणि ऑटोस्टार्टची परवानगीही असते. दोन्हीकडे बघा. ॲंड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतं. जाहिराती रोखणारं एखादं ॲप तीच जागा वापरत असेल, तर ते चालू झालं की तुमचं व्हीपीएन गेलं. ‘ऑलवेज-ऑन’ चालू ठेवा, पण त्याखालचा ‘व्हीपीएनशिवाय नेट बंद’ हा पर्याय टाळा, नाहीतर ऑफिसची लाइट गेली की तुमच्या फोनचं नेटही अडकू शकतं.

कन्सोलच्या तक्रारी

कन्सोल उघडल्यावर कीबोर्ड येत नसेल, तर स्क्रीनच्या डाव्या कडेला एक छोटी पट्टी असते, ती ओढा. त्यात कीबोर्डचं चिन्ह आहे, शिवाय कंट्रोल, ऑल्ट, टॅब आणि कंट्रोल-ऑल्ट-डिलीट वेगळे दिलेत. विंडोजच्या लॉगिनला तेच लागतं.

आयफोनवर पान उघडतं पण कन्सोल जोडलं जात नाही, असं असेल तर स्वतः सही केलेलं सर्टिफिकेट कारण असू शकतं. प्रॉक्समॉक्सचं रूट सर्टिफिकेट फोनमध्ये टाकून सेटिंगमध्ये त्यावर विश्वास द्या, किंवा लेट्स एन्क्रिप्टचं घ्या. मधे एनजिनएक्स (विनंत्या पुढे पोचवणारा वेब सर्व्हर) ठेवलं असेल आणि कन्सोल मिनिटभर शांत राहिल्यावर तुटत असेल, तर त्याची वाचनाची मुदत मुळात ६० सेकंद आहे, ती वाढवा. वेबसॉकेटचे अपग्रेड हेडरही पुढे गेले पाहिजेत, नाहीतर कन्सोल मुळी सुरूच होणार नाही.

दोन पायऱ्यांच्या लॉगिनचा सहा आकडी कोड अचानक चुकीचा ठरू लागला, तर होस्टचं घड्याळ बघा. तो कोड ३० सेकंदांना बदलतो, घड्याळ मागे-पुढे झालं की जुळत नाही.

विंडोजवर रिमोट डेस्कटॉपने जाताना एक लक्षात ठेवा: विंडोज १० किंवा ११ प्रोमध्ये एका वेळी एकच जण काम करू शकतो. तुम्ही त्याच खात्याने फोनवरून आत गेलात की ऑफिसात बसलेल्या ताईंची स्क्रीन लॉक होते, त्यांना वाटतं मशीन बंद पडलं, त्या परत लॉगिन करतात आणि तुम्ही बाहेर. दोन्हीकडून “सारखं तुटतंय” अशी ओरड चालू राहते. आधी फोन करून सांगा.

शटडाउन होत नाही, स्टॉपही होत नाही

हे जरा जवळून बघू. तुम्ही फोनवरून १०१ क्रमांकाच्या व्हीएमला शटडाउन दिलंत. खाली टास्कच्या यादीत ते काम फिरत राहतं आणि काही मिनिटांनी ‘पॉवरडाउन फेल्ड, गॉट टाइमआउट’ असं लाल अक्षरांत येतं. मधेच घाईने स्टॉप दाबलंत, तर ‘कान्ट लॉक फाइल, गॉट टाइमआउट’. इथे सगळे म्हणतात की प्रॉक्समॉक्सच हँग झालं.

घडलंय ते असं. व्हीएमच्या ऑप्शन्समध्ये ‘क्यूईएमयू गेस्ट एजंट’ (व्हीएमच्या आत राहून होस्टचे निरोप ऐकणारा छोटा प्रोग्रॅम) चालू आहे, पण आत एजंट टाकलेला नाही किंवा त्याची सेवा बंद आहे. होस्ट एजंटला निरोप देतो आणि उत्तराची वाट बघत बसतो. वाट बघत असताना त्या व्हीएमची लॉक फाइल त्याच कामाच्या ताब्यात असते, म्हणून दुसरं काम सुरू होत नाही. आधी टास्कच्या यादीत ते फिरणारं काम उघडा आणि तिथलं स्टॉप दाबून ते काम थांबवा. हे स्टॉप व्हीएमचं नाही, फक्त त्या कामाचं आहे. मग रिमोट डेस्कटॉपने किंवा कन्सोलने आत जाऊन विंडोजमधूनच शटडाउन करा. ते जमलं नाही तरच व्हीएमचं स्टॉप.

कायमचा उपाय म्हणजे एजंट नीट बसवणं. लिनक्सवर क्यूईएमयू गेस्ट एजंटचं पॅकेज, विंडोजवर व्हर्टआयओ ड्रायव्हरच्या आयएसओमधला इन्स्टॉलर. ऑप्शन नव्याने चालू केलं असेल तर व्हीएम आतून रीस्टार्ट करून चालत नाही, पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावं लागतं. नंतर होस्टवर ‘क्यूएम एजंट १०१ पिंग’ ही कमांड द्या. काही न बोलता परत आली तर सगळं जागेवर आहे.

व्हीएमच्या चिन्हावर पिवळा त्रिकोण आणि ‘आयओ एरर’ दिसत असेल, तर रीस्टार्टने काहीही सुटणार नाही. बहुतेक वेळा होस्टची साठवणूक भरलेली असते. थिन पूल (व्हीएमच्या डिस्कची सामायिक जागा) शंभर टक्के भरला की लिहायला जागा नसते आणि व्हीएम तिथेच थांबवलं जातं. जुने स्नॅपशॉट किंवा नको असलेल्या डिस्क काढून जागा करा आणि रिझ्युम द्या. चिन्हावर कुलूप दिसलं तर बहुधा बॅकअप चालू आहे. टास्कची यादी बघितल्याशिवाय अनलॉकची कमांड देऊ नका.

लाइट गेल्यावर

पावसाळ्यात हे ठरलेलं. लाइट येते, सर्व्हर मात्र बंदच. बायोसमध्ये वीज परत आल्यावर चालू व्हायचा पर्याय असतो, तो ‘ऑन’ किंवा ‘लास्ट स्टेट’ करा. प्रॉक्समॉक्समध्ये प्रत्येक व्हीएमचं ‘स्टार्ट ॲट बूट’ चालू करा आणि क्रम द्या: आधी डेटाबेसचं, मग थोड्या अंतराने त्यावर चालणारं. यूपीएसचा निरोप नेटवर्क यूपीएस टूल्समार्फत होस्टला मिळेल अशी सोय केली, तर बॅटरी संपण्याआधी व्हीएम नीट बंद होतात. एजंटचं ऑप्शन चालू ठेवलं असेल, तर त्यासाठीही आत एजंट चालू असावा लागतो. राउटर आणि फायबरचा डबा यूपीएसवर आहेत ना, हेही बघा. होस्ट जिवंत आणि राउटर बंद, असं असलं तर मोबाइलवर दोन्ही सारखंच दिसतं.

फोनसाठी वेगळं खातं

फोनमध्ये रूटचा पासवर्ड ठेवू नका. प्रॉक्समॉक्समध्ये फोनपुरता वेगळा युजर करा आणि त्याला ‘पीव्हीईव्हीएमयुजर’ हा रोल फक्त लागतील त्या व्हीएमवर द्या. चालू-बंद करता येतं, कन्सोल उघडतं, बॅकअप घेता येतो, पण डिस्क किंवा व्हीएम काढून टाकता येत नाही. महत्त्वाच्या व्हीएमचं ‘प्रोटेक्शन’ही चालू करा. फोन हरवला तर व्हीपीएनच्या यादीतून ते उपकरण काढा आणि हा युजर बंद करा. दोन्ही कुठल्याही दुसऱ्या फोनवरून लगेच करता यावं, म्हणून प्रशासकाच्या खात्याचे रिकव्हरी कोड कागदावर लिहून घरी ठेवा.